सूनबाईंची मुलाखत

या महिन्यांत सदरासाठीं काय लिहावें, असा विचार करीत आम्ही बसलों असतां विषय आमच्या घरांतच चालून आला. आमच्या थोरल्या बंधूंची सून शास्त्र व गणित घेऊन पदवीधर झालेली असून तिनें बी. एड. हि केलें आहे. आधीं लग्न, मग मूल, मग मुलाची बालवाडी, अशा क्रमानें तिच्या पदवीवर चार-पांच वर्षांची धूळ बसली होती. ती तिनें झटकली, सरकारी चाचणी दिली, आणि एके सायंकाळीं मोबाईलवर निरोप आला कीं, शहापूर तालुक्यांतील एका माध्यमिक शाळेंत मुलाखतीस हजर राहावें. पुढें कांहीं दिवसांनीं दुसरा निरोप आला, तो मुरबाड तालुक्यांतील शाळेचा.

आमचें घर कल्याणास. पंक्तीला माणसें अकरा. अकरा जणांनीं अकरा उपदेश केले. वहिनींनीं साडीचा रंग ठरविला. पुतण्यानें आपला लॅपटॉप पुढें केला. आमची धाकटी बहीण मोठ्या कचेरींत कामाला आहे. तिनें "उत्तरं इंग्रजींत दे, वजन पडतं," असा मंत्र दिला. आमच्या मातोश्री आतां सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिथल्या मुलांचीं नांवं काय गं?" त्या प्रश्नाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. तीस वर्षें शाळेंत खडू झिजवूनहि आम्हीं दिलें नाहीं. आज हें लिहितांना मात्र त्या दिवशींच्या साऱ्या बोलण्यांत तोच प्रश्न शहाणपणाचा होता, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतूनहि तिच्याविषयीं गैरसमज आढळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील नेमणूक मुलाखतीनें होत नाहीं. ती 'पवित्र' या सरकारी संगणकीय व्यवस्थेमार्फत, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणींतील गुणांवर होते. ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरांत प्रथम झाली. ती २०० गुणांची असून त्यांपैकीं १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला असतात. खासगी अनुदानित संस्थेनें मुलाखतीचा पर्याय घेतला असेल, तर याच गुणांच्या आधारें तिच्याकडे कांहीं उमेदवार पाठविले जातात, आणि संस्था मुलाखत व नमुना पाठ घेऊन ३० गुणांपैकीं गुण देते. म्हणून निरोप आला कीं पहिल्यानें हें विचारून घ्यावें कीं, जागा अनुदानित आहे कीं नाहीं, आणि ती कोणत्या इयत्तांसाठीं आहे.

इयत्तांचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पहिली ते आठवीला शिकवावयाचें तर शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. महाराष्ट्रांत ही परीक्षा २०१३ पासून होते. ती १५० गुणांची असून खुल्या वर्गाला ६० टक्के गुण मिळवावे लागतात. ज्यांच्या निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक काळ उरला आहे अशा नोकरींतील शिक्षकांनाहि ती उत्तीर्ण होणें आवश्यक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं दिला. त्याच न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२३ रोजीं असेंहि ठरविलें कीं, बी. एड. ही पदवी पहिली ते पांचवीच्या शिक्षकास पात्रता म्हणून चालणार नाहीं. घरांतील वडील माणसें अजून "बी. एड. आहे, कुठंहि लागेल," असें म्हणत असतात. तें आतां खरें राहिलेलें नाहीं.

पगाराचेंहि तसेंच. नेमणूक झाली तरी पहिलीं तीन वर्षें 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काढावीं लागतात. पूर्वीं हें मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतें. जानेवारी २०२३ पासून तें अनुक्रमें १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झालें. सुनेच्या पगारावर घराचे हप्ते आधींच मांडून ठेवणाऱ्या मंडळींनीं हे आंकडे डोळ्यांपुढें ठेवावेत.

आतां पहिल्या मुलाखतीची हकीगत. आठवीच्या वर्गावर 'बल व दाब' या प्रकरणाचा नमुना पाठ घ्यावयाचा होता. सूनबाईंनीं चार रात्री जागून लॅपटॉपवर रंगीत चित्रें तयार केलीं. उंच इमारत, तिच्या गच्चीवरील टाकी, चौदाव्या मजल्यावरील नळ आणि तळमजल्यावरील नळ, अशी ती मांडणी होती. आम्हीं ती पाहिली आणि वाखाणली. शाळेंत पोहोंचल्यावर वीज गेली होती. लॅपटॉप तसा चालू होता, पण चित्रें भिंतीवर टाकणारें यंत्र बंद. मग तिनें फळ्यावर इमारत काढली आणि विचारलें, "चौदाव्या मजल्यावरच्या नळाला पाणी हळू कां येतं?" वर्ग गप्प राहिला. ज्या मुलांच्या घरीं नळच नाहीं, त्यांना चौदाव्या मजल्यावरील नळाचें काय होय? तिनें प्रश्न पुन्हा विचारला, मग उत्तरहि स्वतःच देऊन टाकलें. पुढचीं दहा मिनिटें ती एकटीच बोलत होती.

त्यानंतर मुलाखतीच्या खोलींत एका वयस्क सभासदांनीं विचारलें, "बाई, आपलं मूल कुठल्या शाळेंत आहे?" तिनें खरें तें सांगितलें, "इंग्रजी माध्यमाच्या." "मग आमच्या मुलांना मराठींतून शिकवतांना तुमचं मन कुठं असेल?" प्रश्न रागानें विचारलेला नव्हता. पण तिला उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं ती पोळ्या लाटीत होती, पण एक शब्द बोलली नाहीं. यादी लागली तेव्हां तींत तिचें नांव नव्हतें.

या अपयशाचा दोष आम्ही त्या शाळेस देत नाहीं, वीजमंडळासहि देत नाहीं. तयारी चुकीच्या टोंकाकडून झाली होती. आम्हीं तिला उत्तरें पाठ करावयास लावलीं. ज्यांच्यापुढें तिला उभें राहावयाचें होतें त्या मुलांविषयीं आम्हांपैकीं एकालाहि कांहीं ठाऊक नव्हतें. मुरबाडच्या मुलाखतीस पंधरा दिवस होते. या वेळीं ती आणि आम्ही शेजारीं बसून सारें नव्यानें मांडावयास लागलों. तें इतर घरांनाहि उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें सांगतों.

पहिली गोष्ट म्हणजे गांव पाहून येणें. शहापूर आणि मुरबाड हे एकाच ठाणे जिल्ह्यांतील शेजारचे तालुके, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. शहापूरास आसनगांव स्थानकावर उतरून जावें लागतें. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाड्या कल्याणपुढें विरळ होतात, एक चुकली कीं दुसरीची वाट पाहत बसावें लागतें. मुरबाडला रेल्वे नाहीं. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता धरावा आणि एस. टी. नें जावें. मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर शाळेच्या गांवाला पुढें काय वाहन मिळतें, शेवटची गाडी किती वाजतां सुटते, पावसांत ओढ्याला पाणी चढलें तर रस्ता बंद होतो काय, या गोष्टी नकाशांत दिसत नाहींत. रविवारीं नवरा-बायको दोघें एस. टी. नें जाऊन आलीं. शाळेला कुलूप होतें, पण शेजारच्या दुकानदारानें, विहिरीवरच्या बायांनीं आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनीं जें सांगितलें, तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडलें नसतें.

तिला कळलें तें असें. हा मुलूख भाताचा. नांगरणी-लावणीच्या दिवसांत वरच्या वर्गांतील मुलेंमुली शेतावर राबतात आणि वर्ग ओस पडतात. दिवाळी झाली कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परततात. मुलेंहि त्यांच्याबरोबर जातात. पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तेथें गुरांचा मोठा बाजार असतो, आणि त्या दिवसांत हजेरीपट मांडून ठेवण्यांत अर्थ नसतो. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडचा कांहीं भाग अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीला आहेत, आणि खालीं कुणबी व आगरी यांचीं गांवें. आश्रमशाळांची व्यवस्था पाहणारें आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय शहापुरास आहे. जो उमेदवार मुलाखतींत "गैरहजर मुलांचं काय कराल?" या प्रश्नास "पालकांना समजावीन" एवढेंच उत्तर देतो, त्यानें भट्टीवर गेलेलें घर पाहिलेलें नसतें. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीं 'शिक्षण हमी कार्ड' असतें, तें दाखवून मूल जेथें जाईल तेथील शाळेंत बसूं शकतें. विधायक संसद या संस्थेनें याच ठाणे जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालविल्या होत्या. हें ठाऊक असलें म्हणजे उत्तराला पाय फुटतात.

याहून जुना आणि मोठा आधारहि याच भूमींत आहे. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. त्या वेळीं तें ठाणे जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. ताराबाई व अनुताई वाघ यांच्या ध्यानांत आलें कीं, मुलें शाळेंत येत नाहींत, कारण तीं गुरें राखावयास जातात. तेव्हां त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. शाळाच कुरणांत नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या दोघींचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. पण मुलाखतीस जाणाऱ्या मुलीला त्यांच्याविषयीं दोन वाक्यें तरी सांगतां येतात काय, हें एकदां विचारून पाहावें.

मुरबाड तालुक्यांतच आणखी एक शाळा आहे, आणि एकत्र कुटुंबांतील सासवा-सुनांनीं तिची हकीगत मुद्दाम वाचावी. फांगणे या गांवीं जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानें ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली. तेथें साठीच्या पुढच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारीं बाराखडी गिरवूं लागल्या. पोथी आपली आपल्याला वाचतां यावी, कागदावर अंगठ्याऐवजीं सही करतां यावी, एवढीच त्यांची आस. आणि त्यांना शिकविणारी कोण? गांवांतलीच एक सून. तिच्या विद्यार्थिनींत तिच्या सासूबाईहि बसत. ही गोष्ट आम्हीं घरांत वाचून दाखविली तेव्हां वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग सूनबाईंना म्हणाल्या, "मला तो दाब कीं काय तो शिकीव बघू. मला कळला तर पोरांना कळेल." त्या दिवसापासून आमच्या घरीं पाठाची तालीम स्वयंपाकघरांत होऊं लागली.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या घरांतून शुद्ध बोलण्याचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला आहे, आणि भाषेवर प्रेम असणें चांगलेंच. पण मुलानें आपल्या घरच्या बोलींत उत्तर दिलें कीं "अशुद्ध बोलूं नकोस" असें म्हणणारा शिक्षक त्या मुलाच्या आईलाच अशुद्ध म्हणत असतो. आम्हीं स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षीं असें एका मुलास म्हटलें होतें. तो पुढें वर्षभर आमच्या तासाला तोंड उघडीना. गणितांत तो हुशार होता, हें आम्हांस वार्षिक परीक्षेंत कळलें. तेव्हां सूनबाईंना आम्हीं सांगितलें कीं, मुलाचा शब्द आधीं घ्यावा, फळ्यावर लिहावा, आणि त्याच्या शेजारीं पुस्तकांतला शब्द लिहावा. दोन्ही शब्द मुलाचे होतात.

तिसरी गोष्ट नमुना पाठ. प्रकरण तेंच ठेवलें, साधनें बदललीं. लॅपटॉप घरींच राहणार आहे. पिशवींत एक प्लास्टिकची रिकामी बाटली, एक खिळा, चिकटपट्टी आणि तांब्या. बाटलीला एकाखालीं एक अशीं तीन सारखीं भोकें पाडावयाचीं, तीं पट्टीनें बंद करून बाटली भरावयाची, आणि पट्टी ओढून काढावयाची. सर्वांत खालच्या भोकांतून पाणी सर्वांत जोरानें बाहेर पडतें. येथें एक खोंच आहे, ती वहिनींनीं तालमींत पकडली. बाटली ओट्यावर ठेवली तर खालची धार लगेच ओट्याला टेकते आणि मधली धार लांब गेलेली दिसते. मग मुलें म्हणतील, बाई सांगतात तें खोटें. म्हणून बाटली स्टुलावर, कडेला उंच ठेवावी, म्हणजे धारांना पडावयास जागा मिळते आणि खालच्या धारेचा जोर डोळ्यांना दिसतो.

मग प्रश्न विचारावयाचा तो नळाचा नव्हे, धरणाचा. शहापूर तालुक्यांत १८९२ सालीं पुरें झालेलें तानसाचें धरण आहे, भातसाचेंहि आहे. या बाजूच्या मुलांनीं धरण पाहिलेलें असतें किंवा त्याच्याविषयीं ऐकलेलें असतें. "धरणाची भिंत वर अरुंद आणि तळाशीं रुंद कां बांधतात?" एवढें विचारून बाईंनीं थांबावें. थांबण्याची तालीम आम्हीं घड्याळ लावून केली. वीस सेकंद गप्प उभें राहणें नव्या शिक्षकाला वीस मिनिटांसारखें वाटतें. तेवढ्या वेळांत एखादें मूल बाटलीकडे पाहील आणि बोलेल. तें बोललें कीं पाठ झाला.

आणि एखाद्या मुलानें विचारलें कीं, "बाई, धरण आमच्याकडं, मग उन्हाळ्यांत आमच्याकडं टँकर कां?" तर? हा प्रश्न सूनबाईंनींच काढला. तानसाचें पाणी उताराच्या जोरावर मुंबईला पोहोंचतें, आणि धरणांच्या तालुक्यांतील पाडे चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहतात, ही उघड गोष्ट आहे. आमचा सल्ला असा पडला कीं, प्रश्न टाळूं नये आणि त्यावर व्याख्यानहि देऊं नये. "प्रश्न बरोबर आहे. पाणी उताराकडं जातं हें शास्त्र झालं. कोणाकडं जावं हें माणसं ठरवतात. तें आपण नागरिकशास्त्राच्या तासाला बोलूं," असें म्हणावें, आणि तो तास खरोखरच घ्यावा.

चौथी गोष्ट कागदपत्रें. विवाहित मुलींच्या बाबतींत येथें हटकून घोंटाळा होतो. पदवी माहेरच्या नांवाची, आधार सासरच्या नांवाचें, चाचणीचा अर्ज तिसऱ्याच लिखावटींत. विवाह नोंदणीचा दाखला आणि नांव बदलल्याचें राजपत्र, दोन्ही मूळ प्रतींसह न्यावींत. शाळा सोडल्याचा दाखला, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, पात्रता परीक्षेचें प्रमाणपत्र व चाचणीचा निकाल एका क्रमानें लावून वर अनुक्रमणिका जोडावी. सही करून साक्षांकित केलेल्या प्रतींचा एक जादा संच जवळ असावा. जागा मिळाल्यावर नेमणुकीचें पत्र लेखी मागावें. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा आहे आणि त्याखालील नियम १९८१ चे. ते एकदां वाचून ठेवावेत. नियम वाचलेल्या माणसाशीं कोणीहि जपून वागतो.

पांचवी गोष्ट प्रश्नोत्तरें. तालुक्याचा इतिहास विचारतील. तेव्हां निदान सिद्धगड ठाऊक असावा: २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनीं मुरबाड तालुक्यांतील त्या डोंगरांत हौतात्म्य पत्करलें. पण खरी अडचण त्या दुसऱ्या प्रश्नाची होती, मूल इंग्रजी शाळेंत कां? त्यावर घरांत जो वाद झाला तो येथें सारा लिहीत नाहीं. बंधु म्हणाले, "आमचं घर, आमचं मूल, त्यांना काय करायचंय?" पुतण्या म्हणाला, "सांग कीं पुढं बदलणार आहोंत." सूनबाई म्हणाल्या, "बदलणार नसूं तर कसं सांगूं?" शेवटीं तिनें स्वतःचें उत्तर स्वतः तयार केलें: "आम्हीं तो निर्णय भीतीनं घेतला, इतर सर्वांनीं घेतला म्हणून. मी स्वतः मराठी शाळेंत शिकलें, आणि शास्त्र मला मराठींतच प्रथम कळलं. तेंच मला इथं द्यायचं आहे." हें उत्तर ऐकून आम्ही सारेच थोडे ओशाळलों. गुण मिळतील कीं जातील, सांगतां येत नाहीं. पण तें खरें आहे, आणि खरें उत्तर पाठ करावें लागत नाहीं.

येथवर सारें सुरळीत चाललें असतां गेल्या गुरुवारीं एक सद्गृहस्थ घरीं आले. त्यांचें व त्यांनीं सांगितलेल्या संस्थेचें नांव आम्ही घेत नाहीं. संस्थेला त्यांची खबर होती कीं नाहीं, तेंहि आम्हांस ठाऊक नाहीं. चहा झाल्यावर ते म्हणाले, "मुलाखत होईल, पण ती नांवाची. देणगीचं ठरवून टाकलंत तर काळजी नको." त्यांनीं आंकडा सांगितला. तीन वर्षांचें सारें मानधन मिळून ६,४८,००० रुपये होतें. मागणी त्याहून मोठी होती.

ते गेल्यावर बंधु बराच वेळ येरझारा घालीत होते. "सगळेच देतात. एकदांचं काम होऊन जाईल. पोरीची पांच वर्षं वायां गेलीं आहेत." बंधु लोभी नाहींत. सुनेच्या चेहऱ्यावरील त्या रात्रीची उदासी त्यांनीं पाहिली होती, म्हणून ते असें बोलत होते. वहिनी आंत गेल्या आणि आपल्या पाटल्या घेऊन आल्या. त्या क्षणीं खोलींत कोणालाच बोलवेना. मग मातोश्री म्हणाल्या, "पाटल्या मोडून शाळेंत शिरलेली मास्तरीण पोरांना काय सांगेल? खरं बोला म्हणून?"

आम्हीं कायदा काढून दाखविला. २०१८ सालीं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिनें लांच देणाराहि गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. बळजबरीनें द्यावी लागलीच तर सात दिवसांच्या आंत पोलिसांकडे वा तपासयंत्रणेकडे कळवावें लागतें. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा पदाधिकारी या कायद्याच्या दृष्टीनें लोकसेवकच होय. लांचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक अशा वेळीं कामीं येतो. पण निकाल कायद्यानें लागला नाहीं. सूनबाईंनीं पाटल्या उचलून सासूबाईंच्या हातांत परत घातल्या आणि म्हणाल्या, "काका, माझ्या नांवानं कोणी पैसे देऊं नका. मला त्या वर्गांत उभं राहायचं आहे. परत कोणी मागितले तर मी स्वतः तक्रार करीन." बंधूंनीं मान खालीं घातली. दुसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांस दूरध्वनी करून नकार कळविला, तो बंधूंनींच.

आतां राहिली घराची तयारी, आणि ती उमेदवारापेक्षां इतरांनीं करावयाची असते. सुनेला "जा" म्हणणें सोपें. पहांटे पांचला ओटा कोण सांभाळणार, हें ठरविल्यावांचून त्या "जा" ला किंमत नसते. सकाळचा डबा पुतण्या करणार आहे. पहिल्या चार दिवसांच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या आहेत, पुढें सुधारतील. मुलाला बालवाडींतून आणण्याचें काम बंधूंकडे. संध्याकाळीं गाडी चुकली तर कोणीं कुरकुर करावयाची नाहीं, आणि "आज फार उशीर झाला गं" हें वाक्य दारांत उच्चारावयाचें नाहीं, असा ठराव वहिनींनींच मांडला. मुलाखतींत प्रश्न येईल, "घरचं कसं जमवाल?" हा प्रश्न पुरुष उमेदवारांना विचारीत नाहींत, याचें सूनबाईंना वाईट वाटतें आणि तें योग्यच आहे. पण आतां तिच्याजवळ त्याचें उत्तर आहे, आणि तें उत्तर घरांतील दहा माणसांनीं मिळून दिलेलें आहे.

मुलाखत उद्यां, सोमवारीं आहे. हा लेख छापून वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां निकाल लागलेला असेल. तो अनुकूल असो वा नसो, पुढील महिन्यांत कळवूं. मुरबाडला नाहीं तर टोकावड्याला, नाहीं तर खर्डीला, पण ही मुलगी कोठें ना कोठें फळ्यापुढें उभी राहील, अशी आमची खात्री झाली आहे.

आतां रात्रीचे नऊ वाजले आहेत. पिशवींत बाटली, खिळा आणि तांब्या भरून झाला. साडी सुती, फिकट हिरवी. रंग शेवटीं वहिनींनींच ठरविला. मातोश्रींनीं जपाची माळ खालीं ठेवून पुन्हा विचारलें, "तिथल्या मुलांचीं नांवं काय गं?"

सूनबाई हंसल्या आणि म्हणाल्या, "आजी, पाठ सुरू करायच्या आधीं तेंच विचारणार आहें. लिहून आणीन तुमच्यासाठीं."